सातव्या आठवड्याची बरणी

अंबाजोगाईच्या मेडिकलात
सव्वीस वर्षं झाली, मी बरण्यांचं पाणी बदलतो.
पाणी म्हणायचं आपलं. फॉर्मालिन असतं ते.
पहिल्या वर्षी डोळे चुरचुरले,
मग डोळ्यांनीच नाद सोडला.

खिडकीकडच्या फळीवर लेकरं मांडलेली,
सहावा आठवडा, सातवा, नववा, बारावा, विसावा.
सातव्याचं भुईमुगाच्या दाण्याएवढं.
चिठ्ठ्यांवर अक्षर माझं.
त्या चिठ्ठीवर ‘लिंग’पुढं नुसती रेघ.

मी विचारलं होतं तेव्हा,
मॅडम, हे भरायचं राहिलं का?
नाहीद मॅडम म्हणाल्या, राहिलं नाही उत्तरेश्वर,
अजून ठरलंच नाही तिथं.
आणि खडूनं ओट्यावर चार रेघा ओढल्या,
पोरीच्या दोन, पोराच्या दोन,
सगळ्या त्याच दाण्यात.

मला त्यात रान दिसलं.
दोन्हीकडं दंड पाडून ठेवलेले, पाणी यायचंय.
खोरं घेऊन कुणी आलं तर इकडचं बारं मोडतं,
तिकडं माती लागते.
कुणी नाही आलं तर दुसरीकडचं भिजतं.
न भिजलेला दंड हळूहळू बुजतो.

बाहेर व्हरांड्यात पाटी आहे
येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
तिच्या खालच्या बाकावर बसून
माझ्या लेकरानं एकदा डबा आणला तेव्हा सांगितलं,
‘आबा, मी पोरगी नाही.’
नाव अयोध्या. एकोणीस संपत आलेलं.
मी डबा उघडला. पिठलं होतं.
मी म्हणालो, मीठ कमी पडलंय.

घरी शकुंतला रात्रभर एकच धरून बसली,
‘गिराण पाळलं नाही मी.
पाचवा महिना होता,
सासू मळ्यात गेलेली,
मी विळीवर दोडका चिरला.’
एकोणीस वर्षं तो दोडका तिनं पोटात ठेवला होता
आणि मला माहीत नव्हतं.

मॅडम रिटायर झाल्यात. मी घरी गेलो.
त्यांनी चहा केला, मग म्हणाल्या,
अंग तिसऱ्या महिन्याच्या आसपास घडतं.
डोक्याला त्याचं पाणी पुढं मिळतं, फार पुढं.
दोन वेळा वेगळ्या.
दोन्ही वेळी एकाच बाजूला जाईल
असं पाण्यानं कुणाला लिहून दिलंय?
असं असावं, म्हणाल्या. नक्की झालंय म्हणून सांगत फिरू नका.
अजून शोधतायत लोक.
मी म्हणालो, आणि दोडका?
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
दोडक्याची भाजी झाली असेल.

आमच्याकडं लाईटची पाळी बदलते,
एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री.
विहीर तीच, मोटार तीच.
दिवसा भरलेलं डोळ्यांदेखत असतं,
रात्री अंधारात कुठं दंड फुटला...
मी लेकराला हे सांगत होतो, तर मधेच म्हणालं,
‘फुटला कशाला, आबा? वळला म्हणा.’
वळला.

शकुंतलेला दोडक्याचं सांगितलं.
ती भांडी घासत राहिली.
तेव्हापासून घरात ती ‘ते’ म्हणते.
ते जेवलं का, ते झोपलं का, लेकरू कुठं गेलं.
पोटात असतं तोवर आपण सगळ्यांनाच असं म्हणतो,
कुणाला वावगं वाटत नाही.
भाषेत एक सातवा आठवडा ठेवलाय कुणीतरी.

परवा फाटक वाजलं
आणि चुलीपुढून ती बोलून गेली,
‘आला का?’
लेकरू दारातच थांबलं, एक चप्पल पायात.
मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेलो,
भरलेला होता, तरी पुन्हा भरला.

सकाळी ती परत ‘उठली का’ म्हणाली.
जीभच ती. सव्वीस वर्षांनी
माझाही हात चिठ्ठीवर अजून अडखळतो.

आज बरणीचं पाणी बदललं.
चिठ्ठी नवी लिहिली, आठवडा सात.
रेघ जिथल्या तिथं ओढली,
जरा सावकाश.